आरशावरचे दोन ढग

आमची पहिली भेट सायकलींच्या शेडमध्ये झाली. मी तिथे लपून ब्रेड खात होते. तोही.

बाहेर पाऊस आडवा पडत होता. आमच्याकडे पाऊस सहसा उभा पडत नाही, वारा त्याला पडू देत नाही. शेडच्या पत्र्याखाली अकरा सायकली, एक टायर नसलेली ढकलगाडी आणि त्यांच्यामध्ये एक उंच माणूस, पाठ भिंतीला लावून, चीजच्या ब्रेडचा मोठा घास तोंडात अडकलेला. मला पाहून तो दचकला. मग माझ्या हातातला डबा त्याला दिसला आणि त्याचे खांदे सैल पडले.

"तुमचा कोणता?" घास तसाच ठेवून त्याने विचारलं.

"ब्राम. कॉली. डावी नाकपुडी."

"मीप. स्ताबाय. उजवी."

नाव, जात, नाकपुडी. इतक्या नेमक्या शब्दांत माझी कुणाशी ओळख झाली नव्हती.

समोरच्या जनावरांच्या रुग्णालयात नाकात गाठ असलेल्या कुत्र्यांना रेडिएशन देत. सलग दोन आठवडे, शनिवार-रविवार सोडून, रोज सकाळी एक, अशा दहा बैठका. प्रत्येक बैठकीला भूल, म्हणून कुत्र्यांना रोज सकाळी उपाशी आणायचं. आता सात उपाशी कुत्र्यांच्या मधोमध बसून डबा कोण उघडणार? कुणी नियम केलेला नव्हता. पण सगळे मालक एकेक करून "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत शेडमध्ये येत आणि चोरासारखे जेवत.

"म्हणजे तुम्ही त्या बाई," तो म्हणाला. "ज्यांचा कुत्रा पस्तीस वर्षांचा आहे."

माझे कान तापले.

झालं होतं असं. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "जन्मतारीख?" या देशात दातांच्या डॉक्टरपासून वाचनालयापर्यंत प्रत्येक जण मला जन्मापासून हेच विचारत आला आहे. जीभ आपोआप हलली. नऊ ऑक्टोबर, आणि पुढे माझं साल. मुलीने ते लिहून घेतलं, ब्रामकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली, "पस्तीस? मग तब्येत छानच राखली आहे." रांगेत माझ्यामागे हा उभा होता.

"मी गोंधळले होते," मी म्हणाले.

"साहजिक आहे. माझं नाव वीब्रेन. वय विचारू नका, मी मीपचं सांगेन."

* * *

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. आमच्याकडे डॉक्टर वाईट बातमी गोड करून देत नाहीत. सोबत कॉफी देतात आणि एक बिस्किट. मग डब्याचं झाकण लावतात.

"गाठ समूळ जात नाही," त्या म्हणाल्या होत्या. "नाकात हाडांचं फार नाजूक जाळं असतं. नुसती शस्त्रक्रिया करून ती सगळी हाताला लागत नाही. किरणांनी आपण तिला गप्प बसवतो. बहुतेकांच्यात ती वर्ष-दीड वर्षात परत येते. काहींच्यात लवकर. काहींना दोन वर्षं मिळतात."

"आणि आपल्याला कसं कळणार?"

त्यांनी खणातून एक छोटा आरसा काढला, खिडकीबाहेर धरून गार केला आणि ब्रामच्या नाकाखाली नेला. काचेवर उजवीकडे वाफेचा एक गोल ढग उमटला. डावीकडे काहीच नाही.

"उपचारानंतर इथे दोन ढग दिसायला लागतील. रोज बघत जा. ज्या दिवशी पुन्हा एकच दिसेल, त्या दिवशी फोन करा."

एवढंच. मग दार उघडून त्यांनी पुढच्या कुत्र्याला हाक मारली.

* * *

चौथ्या दिवशी मला कळलं की वीब्रेन पाटबंधारे खात्यात पाणउंदीर पकडतो. हे उंदीर नदीच्या बांधांना आतून पोखरतात. बांध फुटला तर अर्धा जिल्हा पाण्याखाली जाईल, म्हणून सरकारने त्यासाठी पगारी माणसं नेमली आहेत.

"मग संपले का ते?" मी विचारलं.

"नाही. ते परत येतात. म्हणून तर पगार चालू आहे."

"आणि तुम्हाला कंटाळा नाही येत? तेच बांध, तेच उंदीर..."

"पुढच्या वर्षीचा विचार केला तर येईल. मी या आठवड्याचे पिंजरे बघतो." त्याने हातातल्या ब्रेडकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय करता?"

"शाळेचं वेळापत्रक. अठ्ठावन्न शिक्षक, एकतीस वर्ग. पुढच्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी भूगोल कुठल्या खोलीत आहे, ते मला आजच माहीत असतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. असं कुणी माझ्याकडे पूर्वी बघितलं नव्हतं. आणि वेळापत्रकाबद्दल बोलताना तर नाहीच.

"मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी," तो हळूच म्हणाला. "बापरे."

पाचव्या दिवशी मी डबा घरी विसरले. त्याने काही न बोलता आपल्या ब्रेडचे दोन तुकडे केले, मोठा माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मोहरीची चटणी चालते ना तुला?"

'तुला.' पत्र्यावर पाऊस वाजत होता. मोहरी मला अजिबात चालत नाही.

"चालते की," मी म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली.

* * *

एप्रिलमध्ये दोघा कुत्र्यांच्या नाकावरचे केस झडले. जूनमध्ये ते परत आले, पण पांढरे. किरण जिथून आत गेले तिथे चौकोनी पांढरा ठिपका. ब्रामच्या डावीकडे, मीपच्या उजवीकडे. दोघं समोरासमोर उभी राहिली की एक दुसऱ्याचं प्रतिबिंब वाटायचं. जूनमधल्या स्कॅनमध्ये दोघांच्याही नाकात काही नव्हतं.

आम्ही आयसेल नदीच्या बांधावर फिरायला जायचो. तो त्याच्या गावाकडून बसने यायचा, मी माझ्या गावाकडून सायकलवर, आणि बरोबर मध्ये भेटायचो. वारा असला की तो माझा हात आपल्या कोटाच्या खिशात ठेवून घ्यायचा. त्या खिशात मीपसाठी सुकवलेल्या काळजाचे तुकडे असायचे. प्रेमात माणसाला कशाकशाचा वास आवडायला लागतो, याबद्दल मी एवढंच सांगू शकते.

एकच गोष्ट खटकायची. आमच्याकडे माणसं डायरी उघडल्याशिवाय एकमेकांना भेटत नाहीत. सख्ख्या बहिणीकडे जेवायला जायचं तरी तीन आठवडे आधी तारीख ठरते. वीब्रेनकडेही डायरी होती, काळ्या पुठ्ठ्याची. पण ती पुढच्या स्कॅनच्या तारखेपर्यंतच भरलेली असायची. त्यापुढची पानं कोरी.

"नाताळात आईकडे येशील?" मी जुलैमध्ये विचारलं होतं.

"सप्टेंबरचा स्कॅन झाला की सांगतो."

"मीपला नाही विचारत. तुला विचारतेय."

"हो, पण उत्तर मीपकडे आहे ना."

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

सप्टेंबरचा स्कॅनही स्वच्छ निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. पण याचा अर्थ फक्त आजचा दिवस छान." आम्ही दोघं बाहेर आलो, जुन्या सवयीने शेडमध्ये गेलो आणि अकरा सायकलींच्या साक्षीने त्याने मला जवळ घेतलं. त्याच्या ओठांना मोहरीची चव होती. मला आता ती चालायला लागली होती.

* * *

मग नऊ ऑक्टोबर आला.

आमच्या घरी वाढदिवस म्हणजे गोल मांडलेल्या खुर्च्या. प्रत्येकाच्या हातात बशी, बशीत केकचा एक तुकडा, त्यानंतर चीजचे चौकोन. आणि वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं होतं. येणारा माणूस गोलात फिरतो, आईला म्हणतो, "लेकीबद्दल अभिनंदन," भावाला म्हणतो, "बहिणीबद्दल अभिनंदन," शेजारणीलाही सोडत नाही. ज्याचं अभिनंदन झालं तो आमच्यातला. त्यात कुणाला काही विचारावं लागत नाही.

ग्रीतआत्या आली. वय एक्याऐंशी, हाताची पकड सुताराची. गोलात फिरत फिरत ती वीब्रेनसमोर थांबली, त्याचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अभिनंदन हो, आमच्या फेन्नाबद्दल! उंची तर भरपूर आहे. बाकीचं हळूहळू कळेलच."

वीब्रेन उभा राहिला. बशीतला केक घसरला.

"नाही, म्हणजे... माझं नको," तो म्हणाला. "मी फक्त कुत्र्यामुळे आलोय."

आईने लगेच चीजची बशी फिरवली. कुणी मेलं तरी आई आधी चीज फिरवते. भाऊ खिडकीतून बाहेर बघायला लागला, तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. ग्रीतआत्याने वीब्रेनचा हात सोडला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हा गृहस्थ कुत्र्याचा आहे म्हणे."

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "कुत्र्यामुळे?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं?"

त्याने मीपचा पट्टा हाताला गुंडाळला. "हे अभिनंदन एकदा घेतलं ना, की दर वर्षी घ्यावं लागतं, फेन्ना. मला दर वर्षीचं काही सांगता येत नाही. डिसेंबरपर्यंतचं सांगता येतं. आई गेली तेव्हा माझ्या डायरीत पुढची चौदा रविवारची जेवणं लिहिलेली होती. चौदा. एकेक खोडत बसलो."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण राग आधी पोचला.

"मी गाठ नाहीये, वीब्रेन. दर तीन महिन्यांनी तपासायला."

बस आली. मीपने चढताना मागे वळून ब्रामकडे पाहिलं. वीब्रेनने माझ्याकडे पाहिलं नाही.

आठ आठवडे फोन आला नाही. मी पुढच्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक लावलं. शिक्षक म्हणाले, यंदा एकही तास दुसऱ्यावर आदळत नाही, कमाल आहे. रोज सकाळी ब्रामच्या नाकाखाली आरसा धरायचे. दोन ढग. दोन ढग. दोन ढग. आणि मग सांगायला कुणी नसायचं.

* * *

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठला, त्याचा फोन.

"एकच ढग," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"दोन. आज शिंकताना रक्त आलं. तू यायला हवंस असं नाही..."

"कितीची बस पकडू?"

स्कॅनमध्ये गाठ डोळ्यामागच्या हाडापर्यंत गेलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी चित्र आमच्याकडे वळवलं आणि पेनाने दाखवलं, जणू गावाचा नकाशा दाखवताहेत.

"पुन्हा किरण देता येतात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला त्रास जास्त. तो डोळा जाईल, हाड कुजू शकतं. त्या बदल्यात काही महिने मिळतील, नाहीतर मिळणारही नाहीत."

वीब्रेन म्हणाला, "ते महिने तिचे की माझे?"

"तुमचे," त्या म्हणाल्या.

कॉफी आली. बिस्किट आलं. झाकण लागलं. त्याने काळी डायरी काढली आणि गुरुवारच्या पानावर लिहिलं: 'दहा वाजता, मीप.' खाली रेघ मारली. लोक दातांच्या डॉक्टरची वेळ लिहितात तसं. त्याचं अक्षर फार सुबक आहे. त्या वेळी ते मला सहन झालं नाही.

गुरुवारी मी ब्रामला घेऊन त्याच्या घरी गेले. बांधाला टेकलेलं छोटं विटांचं घर. पूर्वी दोनदाच आले होते, दोन्ही वेळा उन्हाळ्यात, बाहेरच्या बाकावर बसून गेले होते. स्वयंपाकघरात जमिनीवर मीप पडली होती, तोंडाने श्वास घेत.

"आज तिला उपाशी ठेवायचं नाहीये," वीब्रेन म्हणाला.

त्याने काळजाचं अख्खं सॉसेज कापलं. मीपने त्यातलं बरंचसं खाल्लं, उरलेलं ब्रामने. मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो, डबा उघडला आणि तिच्या डोळ्यांदेखत चीजचा ब्रेड खाल्ला. पहिल्यांदाच, न लपता. ती बघत होती. शेवटचा तुकडा त्याने मोहरी पुसून तिला दिला.

गावातला पशुवैद्य दहाला दोन मिनिटं असताना आला, त्याने पादत्राणं दाराबाहेर काढली. दोन इंजेक्शनं, आणि सव्वादहाला सगळं संपलं होतं. वीब्रेनचा हात तिच्या पांढऱ्या ठिपक्यावर तसाच होता. पशुवैद्य गेला तेव्हा तो म्हणाला, "धन्यवाद, वेळेवर आलात," आणि मग त्याने तिच्या अंगावर ब्लँकेट ओढलं.

ब्राम तिला हुंगून आला आणि माझ्या पायांवर पडून राहिला.

मला रडायचं होतं, पण त्याच्यासमोर नाही. आतून कडी असलेली त्या घरात एकच खोली होती. मी संडासात जाऊन बसले.

आमच्याकडे प्रत्येक संडासात, दाराच्या आतल्या बाजूला, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर वार नसतात, साल नसतं. नुसत्या तारखा, आणि त्यांच्यापुढे हाताने लिहिलेली माणसं. कुणाच्या घरी गेलं की प्रत्येक जण आत जाऊन आपल्या महिन्याचं पान उलटून बघतो, आणि कुणीच ते कबूल करत नाही.

मी नाक पुसलं. ऑक्टोबरचं पान उलटलं.

चार तारखेपुढे त्याची आई, नावाशेजारी छोटासा क्रूस. एकोणीसला कुणी हेंड्रिककाका. आणि नऊला, शाईने, त्याच सुबक अक्षरात: फेन्ना.

मी बाहेर आले. तो सिंकपाशी मीपचं भांडं धूत होता.

"माझं नाव कधी लिहिलंस?"

त्याने मान वर केली नाही. "बघितलंस होय."

"सगळे बघतात. कधी?"

"मार्चमध्ये."

"मार्च? आपली ओळख मार्चमध्ये..."

"शेडच्या दिवशी. घरी आलो आणि लिहिलं. तारीख तूच सांगितली होतीस, त्या खिडकीवर. मोठ्याने." भांडं स्वच्छ झालं होतं, तरी तो घासत होता. "आठ आठवडे रोज बघतोय ते. तिथे जाणं काही टाळता येत नाही."

मला हसू आलं, अशा दिवशी, अशा जागी. "तू तीन महिन्यांपुढचं काही लिहीत नाहीस, वीब्रेन. नाताळ लिहिला नाहीस. आत्याचं अभिनंदन घेतलं नाहीस."

"डायरीत नाही लिहीत. तिच्यात साल असतं." नळ बंद झाला. "त्या कॅलेंडरवर साल नाही. तिथलं माणूस दर वर्षी येतंच. मेलं तरी येतं. आईला अजून खोडलेलं नाही मी... मी घाबरट आहे, फेन्ना. पण मी फक्त कुत्र्यामुळे आलो नव्हतो. हे मला गोलात सगळ्यांसमोर सांगता आलं नाही."

"मग मला सांग."

"आहेस तू माझी," तो म्हणाला. ओले हात पुढे धरून, कुठे पुसावेत हे न कळल्यासारखा. "मार्चपासून. शाईने."

ते त्याने माझ्या कोटाला पुसले. मी पुसू दिले.

तेवढ्यात ब्राम शिंकला. एकदा... मग पुन्हा.

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. त्याचा स्कॅन वीस तारखेला होता.

वीब्रेनने खिडकीतला आरसा उचलला. मीपचा. तो बाहीला पुसला, खिडकी उघडून बाहेरच्या थंडीत क्षणभर धरला, मग गुडघ्यांवर बसून ब्रामच्या नाकाखाली नेला. मी त्याच्या शेजारी बसले. आमचे खांदे टेकले.

उजवीकडे ढग आला. डावीकडे काच स्वच्छ होती. मग डावीकडे काहीतरी धुरकट हललं, गोल झालं.

"दोन," तो म्हणाला.

"डावा जरा लहान आहे."

"आहे." त्याने खोटं सांगितलं नाही. "पण दोन आहेत."

ढग विरून गेले. त्याने आरसा पुन्हा धरला, पुन्हा दोन आले. मग तो माझ्याकडे वळला, एवढ्या जवळून की त्याच्या डोळ्यांच्या लाल कडा मला दिसत होत्या, आणि गोलात फिरणाऱ्या पाहुण्यासारखा औपचारिकपणे हात पुढे करून म्हणाला, "अभिनंदन. ब्रामबद्दल."

मी तो हात धरला. "तुझंही अभिनंदन, ब्रामबद्दल."

त्याच्या मागे, ब्लँकेटखाली, मीप होती. या वेळी तो नको म्हणाला नाही.